पीईटी, एन्झाइम आणि कॉस्टिकचा हिशेब

रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, प्लास्टिक खाणारे जीवाणू सापडल्याच्या बातम्या गेली काही वर्षे येत आहेत, तर कचरा डेपोंवरचे ढीग अजून तसेच का आहेत. एन्झाइम, म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, प्लास्टिक तोडते तसे ते घडवूही शकते का. आणि यातले काही आपल्याकडे परवडण्यासारखे आहे का. पॉलिएस्टर तोडणाऱ्या एन्झाइमांवर बरीच वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या तिन्ही प्रश्नांत एन्झाइमचा वाटा आता बऱ्यापैकी सुटलेला आहे. खरी अडचण आहे ती एन्झाइमच्या पुढ्यात येणाऱ्या मालाची, आणि त्याचे काम संपल्यावर पात्रात उरणाऱ्या क्षाराची. खालील उत्तर त्याच क्रमाने दिले आहे.

ज्या बातमीने हा विषय घराघरांत पोहोचला ती 2016 मधली. शोसुके योशिदा, कोहेई ओदा आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी साकाई या शहरातील पीईटीच्या, म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टर कापड ज्यापासून बनते त्या प्लास्टिकच्या, बाटल्यांच्या पुनर्चक्रण केंद्राच्या आवारातून माती, गाळ आणि सांडपाण्याचे 250 नमुने गोळा केले, आणि त्यांतून पीईटीवर वाढणारा एक जीवाणू वेगळा काढला. त्याला ‘इडिओनेला साकाइएन्सिस’ असे नाव मिळाले. त्याच्याजवळ दोन एन्झाइमे आहेत: पहिले, पीईटेज, लांब साखळीचे तुकडे पाडते आणि दुसरे, एमएचईटेज, त्या तुकड्यांचे टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल या मूळ घटकांत विघटन करते. शोध सुंदर होता आणि आजही आहे. मात्र बातम्यांनी एक तपशील गाळला. त्या जीवाणूला दिलेली फिल्म अगदी पातळ आणि जवळजवळ संपूर्ण अस्फटिकी, म्हणजे साखळ्या स्फटिकासारख्या रांगेत न बसलेली, होती, तिची स्फटिकता सुमारे 1.9 टक्के होती, आणि 30 अंश सेल्सिअसला ती संपायला सहा आठवडे लागले. बाजारातल्या बाटलीची स्फटिकता याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे हा जीवाणू ढिगावर सोडून ढीग संपेल ही अपेक्षा मुळातच चुकीची होती, आणि या क्षेत्रातील जाणकारांपैकी कोणी ती कधी बाळगली असेल असे मला वाटत नाही.

पीईटी कशाने धरून राहते हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी 1941 मध्ये हे पॉलिमर, म्हणजे छोट्या एककांची लांब साखळी, घडवले, तेच पुढे टेरिलीन म्हणून कापडाच्या दुकानात आले. त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर एस्टर बंध असतात. एस्टर बंध पाण्याच्या रेणूने तुटू शकतो आणि निसर्गात असे बंध तोडणारी एन्झाइमे मुबलक आहेत, कारण पानांवरचे क्युटिन नावाचे मेणचट आवरण हेही एक नैसर्गिक पॉलिएस्टरच आहे. पालापाचोळा कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांकडे ते तोडणारी क्युटिनेज एन्झाइमे असतात. ओसाका विद्यापीठातील एका गटाने 2012 मध्ये पाने व फांद्यांच्या कंपोस्ट खतातून थेट डीएनए वेगळा करून असेच एक क्युटिनेज मिळवले, आणि ते पीईटीही तोडते असे दाखवले. या एन्झाइमला जगभर एलसीसी म्हणतात. पुढच्या कारखानदारीचा पाया साकाईच्या जीवाणूऐवजी या कंपोस्टमधल्या एन्झाइमने घातला, कारण ते उष्णता सहन करते.

उष्णतेचे एवढे महत्त्व का, हे जरा सविस्तर सांगितले पाहिजे. कोरड्या पीईटीच्या साखळ्या सुमारे 75 ते 80 अंशांपर्यंत गोठलेल्या असतात. पाण्यात भिजल्यावर ही मर्यादा काही अंशांनी खाली येते. साखळी सैल होऊन हलू लागली तरच तिचा एखादा भाग एन्झाइमच्या खाचेत शिरू शकतो, म्हणून 30 अंशांवर काम अतिशय संथ चालते. पण तापमान फार वाढवले तर सैल झालेल्या साखळ्या एकमेकींना बिलगून स्फटिक बनवू लागतात, आणि स्फटिकात अडकलेल्या साखळीतून एक दुवा बाहेर ओढणे हे घट्ट आवळलेल्या उसाच्या मोळीतून मधलेच कांडे उपसण्याइतके अवघड होते. त्यामुळे कामाची खिडकी अरुंद आहे, साधारण 65 ते 72 अंशांची. त्या तापमानावर तासन्‌तास घडी न उकलता टिकणारे प्रथिन हवे, आणि निसर्गाने तसे तयार करून ठेवण्याचे काही कारण नव्हते.

तुलूझ येथील संशोधक आणि कार्बिओस ही फ्रेंच कंपनी यांनी 2020 मध्ये प्रसिद्ध केलेले काम माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते कसे केले हे विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. त्यांनी एलसीसीच्या खाचेत पीईटीचा तुकडा संगणकावर बसवून पाहिला, त्याला स्पर्श करणाऱ्या 11 जागा निवडल्या आणि प्रत्येक जागी उरलेली 19 अमिनो आम्ले एकेक करून घातली. असे 209 प्रकार तपासले. 243 व्या जागेवरील फेनिलॲलानिन काढून आयसोल्यूसिन घातल्यावर वेग वाढला. स्थैर्यासाठी त्यांनी वेगळी वाट धरली. एलसीसीमध्ये कॅल्शियम धरून ठेवणारी एक जागा आहे, आणि कॅल्शियम मिळाले तर प्रथिन अधिक उष्णता सोसते. पण कारखान्यात दर घाण्याला कॅल्शियमचे क्षार घालत बसणे म्हणजे पुढे ते काढून टाकण्याचा खर्च ओढवून घेणे होय. म्हणून त्या जागेवरील 238 आणि 283 या दोन ठिकाणी सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल घालून त्यांच्यात गंधकाचा कायमचा पूल बांधला. 127 व्या जागी ग्लायसिन घालून आणखी थोडे स्थैर्य मिळवले. या चार बदलांच्या एन्झाइमला आयसीसीजी म्हणतात आणि त्याची घडी उकलण्याचा बिंदू 94 अंशांच्या आसपास आहे. दर किलो मिश्रणात 200 ग्रॅम पीईटी, दर ग्रॅम पीईटीमागे 3 मिलिग्रॅम एन्झाइम आणि 72 अंश तापमान अशा स्थितीत 10 तासांत 90 टक्के पीईटीचे विघटन झाले. मिळालेल्या मोनोमरपासून, म्हणजे साखळीच्या मूळ घटकांपासून, पुन्हा पीईटी तयार करून त्याच्या बाटल्याही फुगवल्या गेल्या.

यानंतर टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील गटाने 2022 मध्ये यंत्रशिक्षणाचा (मशीन लर्निंगचा) आधार घेऊन साकाईच्या पीईटेजमध्येच बदल सुचवले आणि 50 अंशांवर चालणारे फास्ट-पीईटेज तयार केले. खाद्यपदार्थांच्या डब्यांसारखी 51 वेगवेगळी पीईटी वेष्टने त्याने आठवडाभरात विघटित करून दाखवली. त्याच वर्षी मँचेस्टरच्या गटाने प्रयोगशाळेतील निर्देशित उत्क्रांतीने, म्हणजे बदल करून सरस प्रकार पुन्हापुन्हा निवडत, हॉटपीईटेज घडवले. कामे उत्तम आहेत. तरीही अशा प्रत्येक बातमीत मी आधी चार आकडे शोधतो: मालाची स्फटिकता, मिश्रणातील पीईटीचे प्रमाण, दर ग्रॅममागे एन्झाइम किती आणि विघटन कितीवर थांबले. दर लिटरला दोन-चार ग्रॅम पीईटी घेऊन केलेला प्रयोग एन्झाइमची ओळख करून देतो. कारखान्याविषयी मात्र तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

आता मालाकडे वळू. प्रयोगशाळेत आम्ही हे विघटन एका साध्या युक्तीने मोजतो. प्रत्येक एस्टर बंध तुटला की एक आम्लगट मोकळा होतो, त्यामुळे पाण्याचा पीएच उतरू लागतो, आणि तो 8 वर स्थिर ठेवण्यासाठी एक छोटा पंप थेंब थेंब कॉस्टिक सोडा सोडत राहतो. किती कॉस्टिक गेले यावरून किती बंध तुटले ते कळते. हाच प्रयोग एका बाटलीचे तोंड आणि तिचे पोट वेगवेगळे कापून, सारखेच बारीक दळून केला, तर पाहण्यासारखे काही घडते. तोंडाचा, म्हणजे आट्याचा भाग साच्यात पटकन थंड झालेला आणि न ताणलेला, त्यामुळे अस्फटिकी असतो. त्याच्या पात्रातला पंप भराभर चालू लागतो. पोटाचा भाग फुगवताना दोन्ही दिशांनी ताणलेला असतो, त्यात साखळ्या रांगेत येऊन स्फटिक बनलेले असतात. त्याच्या पात्रातला पंप सुरुवातीला थोडा चालतो आणि मग जवळजवळ गप्प बसतो. एन्झाइम तेच, प्लास्टिकही रासायनिकदृष्ट्या तेच, आणि निकाल एवढा वेगळा. (गरम पेय भरण्याच्या बाटल्यांचे पांढरे तोंड याला अपवाद आहे, कारण ते मुद्दाम स्फटिकी केलेले असते.)

यावरचा आजचा उपाय म्हणजे बाटल्यांचे फ्लेक्स, म्हणजे कापलेले तुकडे, एक्स्ट्रूडर या वितळवून ढकलणाऱ्या यंत्रामध्ये 260 अंशांच्या आसपास वितळवायचे, ते झटकन थंड करून अस्फटिकी करायचे आणि मग त्यांची बारीक भुकटी करायची. हे जमते, पण वितळवायला आणि दळायला वीज लागते. कमी तापमानावर चालणारी सौम्य जैविक प्रक्रिया असे जे वर्णन वाचायला मिळते त्यात ही पायरी बहुधा सांगितलेली नसते.

त्याहून मोठा हिशेब कॉस्टिकचा आहे, आणि तो कोणालाही कागदावर मांडता येईल. पीईटीच्या एका एककाचे वजन 192. त्यातून दोन आम्लगट मोकळे होतात, म्हणून दोन रेणू कॉस्टिक लागते. म्हणजे 1 टन पीईटी पूर्ण विघटित करायला सुमारे 416 किलो कॉस्टिक सोडा लागतो. मग द्रावणात उतरलेल्या सोडियम टेरेफ्थॅलेटमधून टेरेफ्थॅलिक आम्ल परत मिळवण्यासाठी सुमारे 510 किलो गंधकाम्ल घालावे लागते. हाती येते सुमारे 865 किलो टेरेफ्थॅलिक आम्ल, 323 किलो ग्लायकॉल आणि जवळपास 740 किलो सोडियम सल्फेट. डिटर्जंटवाले आणि सुती कापड रंगवणारे सोडियम सल्फेट विकत घेतात, पण ते अगदी स्वस्त विकले जाते आणि एवढ्या प्रमाणात निघाले तर सांडपाण्याचे ओझे होऊन बसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने 2022 मध्ये या प्रक्रियेचे जीवनचक्र विश्लेषण, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या पर्यावरणीय भाराचा हिशेब, केले, तेव्हा अनेक निकषांवर ती खनिज तेलापासून नवे आम्ल बनवण्यापेक्षाही पर्यावरणाला जड ठरली. त्यामागे पूर्वतयारी आणि ही रसायने यांचा मोठा वाटा होता. पर्यावरणाच्या ओढीने या क्षेत्रात आलेल्या प्रत्येकाने हा निष्कर्ष डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे, कारण एन्झाइम कितीही वेगवान केले तरी त्याने हे 416 किलो कमी होत नाहीत.

कमी होतात ते प्रक्रिया बदलल्याने. याच प्रयोगशाळेने सहकाऱ्यांसह 2025 मध्ये मांडलेला मार्ग मला आशादायक वाटतो. त्यात कॉस्टिकऐवजी अमोनिया वापरतात. तयार झालेले अमोनियम टेरेफ्थॅलेट तापवले की अमोनिया उडून परत पुढच्या घाण्यासाठी मिळतो आणि मागे टेरेफ्थॅलिक आम्ल राहते, म्हणजे गंधकाम्लही नको आणि सोडियम सल्फेटही नाही. त्यांच्या हिशेबानुसार आम्ल आणि अल्कलीचा खप 99 टक्क्यांहून अधिक घटतो. कारखाना उभारणे मात्र अजून सोपे झालेले नाही. कार्बिओसने फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे प्रात्यक्षिक संयंत्र चालवले, आणि लाँगलाव्हिल येथे वर्षाला 50,000 टन क्षमतेचा कारखाना योजला, पण निधी उभारणीमुळे त्याचे वेळापत्रक लांबले. खनिज तेलापासून बनणारे नवे पीईटी स्वस्त असते तेव्हा या कारखान्यांचे गणित लगेच बिघडते.

हे सर्व पीईटीपुरते झाले. पॉलिएथिलीनच्या पिशव्या आणि पॉलिप्रोपिलीनचे डबे यांच्या कण्यात एस्टर बंध नाहीच. तिथे कार्बनला कार्बन जोडलेला आहे आणि पाण्याने तो तुटत नाही. मेणअळी किंवा तिच्या लाळेतील एन्झाइमे पॉलिएथिलीन पचवतात असे दावे प्रसिद्ध झाले आहेत, पण त्यांच्याविषयी संशोधकांत गंभीर मतभेद आहेत. अशा पिशव्यांवर एन्झाइमचा उपाय येत्या काही वर्षांत मिळेल असे मी कोणालाही सांगणार नाही.

दुसरा प्रश्न घडवण्याचा. याचे उत्तर ‘होय’ आहे, आणि ते अनेकांना वाटते त्यापेक्षा जुने आहे. पॉलिॲक्रिलामाइड हे पाणी शुद्धीकरणात आणि कागद कारखान्यांत वापरले जाणारे कृत्रिम पॉलिमर ज्या ॲक्रिलामाइडपासून बनते, ते पूर्वी ॲक्रिलोनायट्राइलवर तांब्याचा उत्प्रेरक वापरून केले जाई. क्योतो विद्यापीठातील हिदेआकी यामादा यांच्या संशोधनाच्या आधारे जपानच्या नित्तो केमिकल कंपनीने 1985 मध्ये हेच काम नायट्राइल हायड्रेटेज हे एन्झाइम असलेल्या जीवाणूकडे सोपवले, आणि पुढे 1991 पासून ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रोस जे-1 हा कितीतरी सरस जीवाणू वापरात आणला. अभिक्रिया थंड पाण्यात चालते, उप-उत्पादने नगण्य निघतात आणि तांबे काढून टाकण्याची पायरीच उरत नाही. एन्झाइमने ठोक रसायन बनवण्याचे याहून यशस्वी उदाहरण मला माहीत नाही. त्यावर वृत्तपत्रांत फारसे छापून आले नाही याचे मला नेहमी वाईट वाटते. याच वाटेवरचे दुसरे नाव म्हणजे मक्याच्या ग्लुकोजपासून बदललेल्या ई. कोलाय जीवाणूकडून करवून घेतलेले 1,3-प्रोपेनडायॉल. ड्युपाँट आणि टेट अँड लाइल यांच्या भागीदारीने टेनेसी राज्यातील लाउडन येथे 2006 मध्ये त्याचा कारखाना सुरू केला आणि त्यापासून सोरोना हा तंतू बनतो.

या दोन्ही उदाहरणांत एन्झाइम मोनोमर बनवते, साखळी नेहमीच्या रसायनाने जुळते. साखळीही एन्झाइमनेच जुळवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला जीवाणूच्या पोटातला: मॉरिस लेम्वान्य यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत 1926 मध्ये ओळखलेले पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट जीवाणू चरबीसारखे साठवतात आणि त्याची साखळी सिंथेज एन्झाइम विणते. या सिंथेजमध्ये दोन अमिनो आम्ले बदलून जपानच्या तागुची यांच्या गटाने 2008 मध्ये त्याला लॅक्टिक आम्लाचे एककही गुंफायला लावले, जे निसर्गातील सिंथेज सहसा करत नाही. दुसरा मार्ग पात्रातला: कँडिडा अंटार्क्टिका या यीस्टचे लायपेज बी पाण्यात एस्टर तोडते आणि पाणी काढून टाकले की तेच एस्टर जोडते. 1993 पासून लायपेजांनी कॅप्रोलॅक्टोनसारख्या वलयाकार रेणूंची साखळी करून दाखवलेली आहे. पीईटीसाठी मात्र हे उपयोगी नाही, कारण पीईटीची साखळी थोडी वाढली की घट्ट होऊन बाहेर बसते आणि बाटलीला किंवा धाग्याला लागणारी लांबी एन्झाइमच्या तापमानाला मिळतच नाही. म्हणून विघटन एन्झाइमने आणि पुनर्बांधणी 270 ते 290 अंशांच्या वितळ-प्रक्रियेने, अशी कामाची वाटणी आहे, आणि ती मला योग्य वाटते: जुनीच पॉलिएस्टर संयंत्रे, अगदी रायगड जिल्ह्यातील पाताळगंगेसारखी, तशीच वापरता येतात, फक्त त्यांना मिळणारे आम्ल अत्यंत शुद्ध हवे. लॅक्टिक आम्लाच्या पॉलिमरविषयी सांगायचे तर प्राज इंडस्ट्रीजने पुण्याजवळ जेजुरी येथे 2024 मध्ये प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केले आहे. पण हे प्लास्टिक घरच्या मातीत लवकर कुजत नाही, त्याला औद्योगिक कंपोस्टचे सुमारे 60 अंश लागतात, आणि ते पीईटीच्या बाटल्यांत मिसळले तर पुनर्चक्रणाचा माल बिघडवते, एवढे ध्यानात ठेवावे.

शेवटचा प्रश्न परवडण्याचा. भारतात बाटल्यांसाठी एन्झाइमची घाई करावी असे मला वाटत नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने झालेल्या आणि 2017 च्या सुमारास प्रसिद्धीस आलेल्या अभ्यासानुसार आपल्याकडे पीईटीचे पुनर्चक्रण सुमारे 90 टक्के होते, आणि त्याचे श्रेय उन्हातान्हात बाटल्या वेचणाऱ्या कचरावेचकांचे आणि भंगारवाल्यांचे आहे. स्वच्छ, पारदर्शक बाटली धुऊन वितळवणे हे एन्झाइमपेक्षा स्वस्त आणि कमी ऊर्जेचे आहे. केंद्र सरकारच्या 2022 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी कठीण प्लास्टिक वेष्टनांत पुनर्चक्रित मालाचे प्रमाण 2025-26 मध्ये 30 टक्के आणि 2028-29 पर्यंत 60 टक्के ठरवले आहे, त्यामुळे या बाटल्यांची मागणी आणखी वाढेल. बहुतेक बाटल्यांचे आजवर तंतू झाले, त्या तंतूंचे कपडे झाले, आणि ते कपडे फाटले की पुढे त्यांना कोणी विचारत नाही. एन्झाइमची जागा तिथे आहे, कारण रंगीत, जीर्ण पॉलिएस्टर वितळवून चांगला धागा मिळत नाही, मोनोमरपर्यंत मागे जावेच लागते.

तिथली गाठ मात्र अवघड आहे. भिवंडी आणि इचलकरंजीच्या मागांवर विणले जाणारे, शाळेच्या गणवेशापासून शर्टांपर्यंत सर्वत्र दिसणारे टेरिकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस यांचे मिश्रण. ताणून काढलेला पॉलिएस्टर धागा बाटलीच्या पोटासारखाच स्फटिकी असतो, म्हणून तो आधी वितळवून अस्फटिकी करायला हवा. पण कापूस वितळत नाही, एक्स्ट्रूडरच्या तापमानाला तो करपतो आणि सगळा माल काळा करतो. म्हणजे कापूस आधी काढला पाहिजे, सेल्युलेज एन्झाइमने साखर करून किंवा आम्लाने, आणि कपड्याला स्पॅन्डेक्स (ताणला जाणारा धागा), बटणे, छपाई असेल तर गुंता वाढतो. म्हणून कारखानदाराने सुरुवात घरोघरच्या जुन्या कपड्यांपासून करू नये; सुरतेच्या निव्वळ पॉलिएस्टर साड्यांच्या आणि शिलाई कारखान्यांच्या कातरणीपासून करावी, जिथे कापूस नसतो आणि मालाची रचना आधीच माहीत असते.

विद्यार्थिनीला स्वतः प्रकल्प करायचा असेल तर नवे एन्झाइम शोधण्यात तिने दोन वर्षे घालवू नयेत. एकाच टेरिकॉटच्या तुकड्यातून कापूस सेल्युलेजने काढल्यावर आणि सौम्य आम्लाने काढल्यावर उरलेल्या पॉलिएस्टरची स्फटिकता किती बदलते आणि कापडाचा रंग टेरेफ्थॅलिक आम्लाबरोबर किती उतरतो हे तिने मोजावे. स्फटिकता मोजणारे डीएससी आणि रंग मोजणारा यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर एवढी उपकरणे त्याला पुरतात, आणि नमुने कोणत्याही शिंप्याकडच्या चिंध्यांत मिळतात. फक्त दोन्ही पद्धतींत लागलेले पाणी, आम्ल आणि कॉस्टिक दर किलो कापडामागे किती झाले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवावी.